रुळावरची वाघीण

‘मालगाडीच्या वाघिणी रुळावरून घसरल्या’ अशी बातमी वाचून मराठी माणूस दचकत नाही. कोळशाच्या वाघिणी आल्या, सिमेंटच्या वाघिणी रिकाम्या झाल्या, असे आपण बिनदिक्कत बोलतो आणि त्यात कुणाला जंगल दिसत नाही. इंग्रजी ‘वॅगन’ची ही मराठी वाघीण झाली हे उघड आहे. पण ती नेमकी कशी झाली, हे पाहण्यात मौज आहे.

‘वॅगन’मधला ॲ हा स्वर जुन्या मराठी कानाला परका. तो आ-कडे झुकतो. डॉक्टरचा डाक्टर झाला तसा. म्हणजे मधली पायरी ‘वागन’ किंवा ‘वागिन’ अशी काहीशी असावी. तिथवर आल्यावर शब्दाच्या शेजारीच ‘वाघ’ बसलेला. त्याने आपला महाप्राण देऊन ग-चा घ केला. शेवटचा ‘न’ तर माळीण, सुतारीण, पाटलीण यांच्या ओळीत जाऊन बसायला तयारच होता. राहिला लिंगाचा प्रश्न. मालगाडी स्त्रीलिंगी, आगगाडीही स्त्रीलिंगी. मग त्यांना जोडलेले हे धूड वाघ न होता वाघीणच व्हावे, हे मराठीच्या स्वभावाला धरून दिसते. गुजरातीत ‘वाघण’ आहे, हिंदीत ‘बाघिन’ आहे, पण या भाषांच्या प्रचारात वॅगन ही वॅगनच राहिलेली दिसते. आणि मिरजेच्या पलीकडे कन्नड मुलखात वाघाला ‘हुली’ म्हणतात, त्यामुळे तिथे हा चमत्कार घडणेच शक्य नव्हते. इंग्रजीला दिलेली, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितली जाणारी ‘वाघिणीचे दूध’ ही उपमा प्रसिद्ध आहे. पण इंग्रजीने आपल्याला प्रत्यक्ष वाघीणही दिली, याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही.

याला लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि सातारा-सांगलीकडच्या माणसाला ती नवी नाही. सांगली म्हणजे ‘सहा गल्ली’, सातारा म्हणजे किल्ल्याचे सतरा तट किंवा सतरा दरवाजे, हे तिकडे लहानपणीच ऐकायला मिळते. फलटण हे नाव इंग्रजीतून आलेल्या पलटणीशी जोडणारेही भेटतात, गाव इंग्रजांच्या कितीतरी आधीचे, हे सांगितले की ते गप्प होतात. पण या कथांत आणि वाघिणीत एक मूलभूत फरक आहे. सांगलीची गोष्ट सांगितल्याने ‘सांगली’ या शब्दाचे रूप जराही बदलले नाही. तयार नावाला मागाहून कहाणी चिकटवली, इतकेच. वाघिणीची कहाणी कुणी सांगत नाही, पण शब्दाची हाडे मात्र खरोखरच बदलली. माझ्या मते हीच अस्सल लोकव्युत्पत्ती. पहिली कट्ट्यावर घडते, दुसरी काम करणाऱ्यांच्या तोंडात.

आता शब्दाच्या पोटात शिरू. ‘वॅगन’ इंग्रजीत डच भाषेतून आला. इंग्रजीचा स्वतःचा जुना शब्द ‘वेन’. सप्तर्षींना इंग्रज ‘चार्ल्सचा वेन’, म्हणजे चार्ल्सचा गाडा म्हणत. या दोन्हींचे मूळ ज्या धातूत आहे, तोच संस्कृतात ‘वह्’ म्हणून नांदतो. वहन, वाहन, वाहणे, ओझेवाहू, लॅटिनमार्गे आलेला ‘व्हेइकल’, सगळे एकाच घरचे. म्हणजे वाघीण ही खरे तर ‘वाहन’ची दूरची चुलतबहीण, फक्त वाघाचे कातडे पांघरून आलेली. खुद्द ‘व्याघ्र’ शब्दाची फोड व्याकरणकार वि-आ-घ्रा, म्हणजे हुंगणारा, अशी करतात. तिचा ओझे वाहण्याशी काडीचा संबंध नाही.

ओझे वाहणे म्हटले की मिरज आठवायलाच हवी. सदर्न मराठा रेल्वेची पुण्याहून लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज 1890च्या सुमारास पुरी झाली, 1891मध्ये कोल्हापूरचा फाटा जोडला गेला, आणि 1927मध्ये बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज पंढरपूरहून मिरजेत येऊन टेकली. 1970च्या दशकाच्या आरंभी पुण्याकडून ब्रॉडगेजही आली. एका मापाची वाघीण दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही. मग एकीतला माल उपसून दुसरीत भरणे आले, आणि ते करायला हमाल आले. ‘हमाल’ अरबी, ‘हम्ल’ म्हणजे ओझे या शब्दाच्या घरचा. हमाल आणि वाघीण, एक अरबी आणि एक आर्य, दोघांचाही मूळ अर्थ एकच : वाहणारा.

मालाची ही उतरवणी-चढवणी होते ती जागा म्हणजे मालधक्का. धक्का हा मूळचा बंदराचा शब्द, भाऊचा धक्का सर्वांना माहीत आहे. रेल्वेतला ‘खलाशी’सुद्धा जहाजावरून उतरलेला. सह्याद्रीच्या या बाजूला समुद्र नाही. तरी कराड, कोरेगावच्या माणसाला धक्का आणि खलाशी दोन्ही ठाऊक आहेत, ते रेल्वेमुळे. प्लॅटफॉर्मचा ‘फलाट’ झाला, तोही याच कारखान्यातला माल.

इंग्लंडात वॅगन रुळावर चढली ती इंजिनाच्या कितीतरी आधी, आणि कोळशासाठीच चढली. नॉटिंगहॅमजवळ वॉलटन इथे 1604मध्येच लाकडी रुळांवरून घोडे कोळशाच्या गाड्या ओढत होते. न्यूकॅसलकडच्या जुन्या गाड्यांना ‘चाल्ड्रन’ म्हणत. हे मुळात मापाचे नाव, फ्रेंचातून आलेले, ‘कढई’ या अर्थाच्या शब्दाचे भावंड. माप हेच गाडीचे नाव झाले. आपले मापही त्यांच्याकडे गेले : आपली ‘खंडी’ इंग्रजांनी ‘कँडी’ करून कोशात नेली. मुंबईची खंडी 560 पौंडांची धरली, तर एका इंग्रजी टनात बरोबर चार खंड्या बसतात. त्या हिशेबाने इंग्लंडची प्रसिद्ध 12 टनी कोळशाची वाघीण म्हणजे 48 खंडी. त्या टनाचेही मूळ ‘टन’ म्हणजे दारूचे पिंप. कढई, पिंप, खंडी : कोळसा मोजायला माणसाने काय काय हाताशी धरले!

खुद्द ‘कोळसा’ हा शब्द मात्र सहज हाती लागत नाही. इंग्रजी ‘कोल’शी त्याचे नाते लावण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, तो आवरावा. संस्कृत कोशांत ‘कोकिल’ या शब्दाला पेटता निखारा असाही अर्थ दिलेला आहे, प्राकृतात ‘कोइला’ आहे, आणि हिंदी कोयला त्याच वाटेने आलेला दिसतो. मराठीत दोन स्वरांमधल्या एकेरी ल-चा ळ होतो, जोड ल्ल-चा ल उरतो. त्यामुळे कोळशातला ‘ळ’ कोकिळेच्या ‘ळ’शी जुळतो, पण ‘कोलीत’मधला ‘ल’ वेगळ्या वाटेचा ठरतो. मागचा ‘सा’ कुठला? आरसा आला ‘आदर्श’मधून, वळसा आला वळण्यातून, कोळशाचा ‘सा’ यांच्या पंक्तीला बसलेला पाहुणा असावा.

आपल्याकडे नुसते ‘कोळसा’ म्हणून भागत नाही. लोणारी कोळसा की दगडी कोळसा, हे सांगावे लागते. लोणारी म्हणजे मुळात लवण, मीठ करणारे. पुढे चुना आणि लाकडी कोळसा भाजणारे. नाव मिठाचे आणि धंदा धुराचा. (लोणंदच्या नावात ‘लोण’ ऐकू येते म्हणून त्याला लगेच लोणाऱ्यांचे गाव ठरवू नये, मग ती सहा गल्ल्यांचीच गोष्ट झाली.) ‘दगडी कोळसा’ची घडण फारसी ‘जुगाल-संग’शी हुबेहूब जुळते, संग म्हणजे दगड, संगमरवरातला. कन्नड ‘कल्लिद्दलु’तही कल्लु म्हणजे दगडच. लंडनकरांनी मात्र याच वस्तूला ‘समुद्री कोळसा’ म्हटले, कारण तो न्यूकॅसलहून गलबतांत भरून यायचा.

हा कोळसा वाहणाऱ्या ब्रिटिश वाघिणींच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांचा एक मोठा पंथ आहे. आपल्याकडे पुण्यात भाऊ जोशी यांनी 1998मध्ये छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले, त्यामुळे छंद अगदी अनोळखी नाही. फुटाला चार मिलिमीटर हे इंग्रजांचे आवडते प्रमाण. 1923च्या ठरावीक बनावटीची साडेसोळा फुटी वाघीण त्या मापात 66 मिलिमीटरची होते : सात आडव्या फळ्या, बाजूला ब्रेकचा लांब दांडा, आणि टोकाचे दार कुठल्या अंगाला उघडते ते दाखवणारा तिरपा पांढरा पट्टा. गंमत अशी, की त्यांचा प्रचलित रूळ 16.5 मिलिमीटरचा, प्रमाणात धरला तर खऱ्या रुळापेक्षा सात इंचांनी अरुंद. वाघीण अंगाने भरलेली आणि पायांत आखडलेली. या लोकांचा खरा जीव मात्र अक्षरांत. राष्ट्रीयीकरणाआधी तिथल्या बहुतेक कोळसा-वाघिणी खाणवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या खासगी मालकीच्या होत्या, आणि फळ्यांवर मालकाचे नाव, गाव, क्रमांक, वजन हातभर अक्षरांत रंगवलेले असे. ती अक्षरे भिंग लावून उतरवायची, आणि वर खऱ्या कोळशाचा चुरा पसरायचा.

प्रतिकृतीला आपला जुना शब्द ‘नमुना’. तो फारसी ‘नमूदन’मधून आला, म्हणजे दाखवणे. सरकारी कागदांतला ‘नमूद करणे’ त्याचाच सख्खा भाऊ. वाघिणीवरचे नाव आणि वजन जसेच्या तसे नमूद करणारा तो नमुना, असे म्हटले तर कोटीही होते आणि व्युत्पत्तीही.

उरला रूळ. इंग्रजी ‘रूल’, म्हणजे रेघा आखायची पट्टी, हे त्याचे मूळ असावे. रुळण्याशी संबंध मागून जोडला गेला असावा. ‘रूल’ आणि ‘रेल’ दोन्ही लॅटिन ‘रेगुला’पासून निघाले, आणि त्यामागचा धातू संस्कृत ‘ऋजु’शी जुळतो. ऋजुचे मराठी रूप ‘उजू’, सरळ. म्हणजे वाकड्यात गेलेल्या गाडीला रुळावर आणणे म्हणजे तिला उजू करणेच.

वाघीण हा शब्द आज छापून येतो, पण तिच्या अवयवांची मराठी नावे मालधक्क्यावरच राहिली आहेत. ब्रेकच्या दांड्याला, दाराच्या खिटीला, दोन वाघिणी जोडणाऱ्या आकड्याला मिरज, सातारा, किर्लोस्करवाडी या स्थानकांवरचे जुने सांधेवाले आणि हमाल काय म्हणत, हे ज्यांच्या घरी आजही बोलले जाते, त्यांनी ते शब्द उच्चारासकट लिहून कळवावेत. शुद्ध करून पाठवू नयेत.