राणे, रामा राघोबा

राणे, मेजर रामा राघोबा : (२६ जून १९१८–११ जुलै १९९४). परमवीरचक्राचे मानकरी, भारतीय भूसेनेच्या अभियंता दलातील अधिकारी. मूळ गाव कारवारजवळचे चेंडिये. हा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. घरची भाषा कोकणी. वडील पोलीस शिपाई असल्याने बदलीच्या गावी बिऱ्हाड हलवत शिक्षण तुकड्यातुकड्यांनीच झाले.

१० जुलै १९४० रोजी ते साधे सैनिक म्हणून बाँबे सॅपर्स या अभियंता दलात भरती झाले. या दलाचे ठाणे पुण्याजवळ खडकीला. दुसऱ्या महायुद्धात त्यांची कंपनी ब्रह्मदेशात २६व्या डिव्हिजनबरोबर होती. आराकानातून माघार घेताना बुथिडाँगजवळ दारूगोळा आणि वाहने शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून ती नष्ट करायला राणे व त्यांची छोटी तुकडी मागे ठेवली गेली. नंतर त्यांना उचलून नेणारे जहाज येऊ शकले नाही. जपानी गस्तीची नदी ओलांडून ही माणसे आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाली आणि राणे हवालदार झाले. पुढे जमादार आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट. अकादमीतून विशीत बाहेर पडणारे ज्या हुद्द्यावरून सुरुवात करतात, तेथे पोचायला त्यांना वयाची एकोणतीस वर्षे लागली.

जम्मू-काश्मीरमधील भारत–पाकिस्तान युद्धात मार्च १९४८ मध्ये झांगर परत घेतल्यावर नौशेरातील भारतीय फौजांपुढे राजौरी हे लक्ष्य होते. वाट एकच, डोंगराच्या कडेने जाणारी अरुंद आणि वळणावळणाची, जुन्या मोगल मार्गाची. पायदळ डोंगर चढून जाऊ शकत होते, रणगाडे नव्हे. शत्रूने चिडाची झाडे पाडून, मोऱ्या उडवून आणि सुरुंग पेरून ती वाट बंद केली होती. राखण नसलेला अडथळा म्हणजे नुसता खोळंबा, थोड्या वेळात तो दूर करता येतो. येथे मात्र जवळजवळ प्रत्येक अडथळ्यावर मशिनगन रोखलेली होती. त्यामुळे काम करणाऱ्याने शत्रूच्या नजरेसमोर, हातात बंदुकीऐवजी कुदळ धरून उभे राहायचे, असा हा मामला होता.

८ एप्रिलला सकाळी ११च्या सुमारास रणगाड्यांजवळ सुरुंग काढण्याच्या तयारीत असलेल्या राण्यांच्या तुकडीवर उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे ठार, पाच जखमी. जखमींत राणे स्वतः. उरलेल्यांची फेरजुळणी करून ते कामाला लागले. बरवाली टेकडी पायदळाने घेतल्यावर त्यांनी रात्री १०पर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढण्याचे काम केले. दुसऱ्या दिवशी पहाटे ६ला पुन्हा सुरुवात करून दुपारी ३ला तो पुरा केला. मग ते सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसले. अर्धा मैल गेल्यावर आडवी झाडे आली. उतरून सुरुंगाने ती उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडे, त्यापुढे फोडलेली मोरी. अंधार पडता पडता पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग आणि वरून गोळीबार, असा अडथळा लागला. तेव्हा ताफ्याच्या प्रमुखानेच मुक्कामाची आज्ञा दिली.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला राणे त्याच झाडांपाशी होते आणि साडेसहाला वाट मोकळी झाली होती. दुपारी ताफा चिंगसला पोचला. रस्ता वाहनांना खुला झाल्याखेरीज रसद येणार नव्हती. म्हणून राणे अन्न व विश्रांतीशिवाय रात्री ९पर्यंत मागचा रस्ता दुरुस्त करत राहिले. ११ तारखेला सकाळी ११पर्यंत तो चिंगसपर्यंत खुला झाला. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत शिरले.

या मोहिमेच्या वृत्तान्तांत येणारा एक प्रसंग असा : गोळ्या चुकवायला आडोसा नाही म्हणून राणे चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत शिरले आणि दोऱ्या ओढून चालकाला ‘थांब’, ‘चल’च्या खुणा करत पुढे सरपटत गेले. शौर्यपदकाच्या अधिकृत निवेदनात मात्र आढळतात ते तास, यार्ड आणि अडथळे. माझ्या मते त्यांच्या पराक्रमाची जात त्या रुक्ष हिशेबातच जास्त कळते.

परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले, ते १५ ऑगस्ट १९४७पासूनच्या कामगिरीलाही लागू करून. त्याचा आकार मूळच्या स्वित्झर्लंडच्या, खानोलकर या मराठी लष्करी घरात सून म्हणून आलेल्या सावित्रीबाईंनी घडवला. १९४७–४८च्या युद्धात पाच जणांना ते मिळाले. सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंग व पीरू सिंग मरणोत्तर मानकरी. राणे आणि करम सिंग हे दोघे ते पदक छातीवर मिरवायला जिवंत राहिले.

राणे १९६८ मध्ये मेजर पदावरून निवृत्त झाले. एवढ्या मोठ्या पदकाने हुद्द्याची शिडी काही जवळ आणली नाही. पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. शिपिंग कॉर्पोरेशनने १९८०च्या दशकात एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले. मेजर होऊन निवृत्त झालेल्या या माणसाला त्या जहाजाच्या नावात हुद्दा मात्र ‘लेफ्टनंट’ असाच होता.