मंगळावरून आलेला निकाल

जयंत नारळीकरांचं नाव निघालं की ‘आईनस्टाईनला आव्हान देणारा मराठी माणूस’ हे ठरलेलंच. १९६४ मध्ये केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वय जेमतेम पंचविशीचं. वस्तूचं वस्तुमान तिचं एकटीचं नसतं, विश्वातलं बाकीचं सगळं द्रव्य ते ठरवतं, हा त्याचा गाभा. या आव्हानाचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याची तपासणी झाली, आणि तीही मंगळावरून.

१९७२ च्या सुमारास या सिद्धांताला जे रूप आलं, त्यात गुरुत्व-स्थिरांक, म्हणजे पाठ्यपुस्तकातला ‘कॅपिटल जी’, हळूहळू घटत होता: वर्षाला हजार कोटींत साधारण एक भाग. सूर्याची ओढ अशी ढिली पडली तर ग्रहांच्या कक्षा रुंदावणार. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. तिची कक्षा वर्षाला १५ मीटरने वाढायला हवी.

हे १५ मीटर पकडायचे कसे? २० जुलै १९७६ रोजी नासाचं व्हायकिंग-१ यान मंगळावर उतरलं ते जीवसृष्टीच्या शोधात. पण जोडीला आणखी एक काम चालू होतं. पृथ्वीवरच्या अँटेनातून रेडिओ संदेश सुटायचा, यान तो मिळताच परत धाडायचं आणि जाण्यायेण्याचा वेळ नोंदला जायचा. मंगळ सूर्यापलीकडे असला की ही फेरी चाळीस मिनिटांवर जाई. त्यातून अंतर दहाएक मीटरच्या आत कळे. नोव्हेंबर १९८२ पर्यंत यान उत्तर देत राहिलं.

१९८३ मध्ये संशोधक हेलिंग्ज आणि सहकाऱ्यांनी या नोंदींचा हिशेब छापला. लाख कोटींत शंभर भागांची घट अपेक्षित होती; आकडा आला दोन, आणि त्यातली अनिश्चितता चारची. म्हणजे शून्यच म्हणा! गंमत अशी की या चाराचं मुख्य कारण रेडिओ यंत्रणा नव्हती, लघुग्रहांची वस्तुमानं नीट ठाऊक नव्हती.

  

वेगळ्या विश्वरचनेचा आग्रह नारळीकरांनी सोडला नाही. पण आकड्यावर तपासता येईल असं भाकीत करायची त्यांच्या सिद्धांताची तयारी होती, आणि त्याचं मोल गौरवलेखांतल्या ‘आव्हाना’पेक्षा जास्त आहे. १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात उभी केलेली ‘आयुका’ ही खगोलविज्ञान संस्था आज लायगो-इंडिया प्रकल्पात आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ही वेधशाळा नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

या परिसरातल्या शाळांनी मुलांना तिकडे जरूर न्यावं. त्याआधी १५ मीटरचं ते गणित एकदा फळ्यावर करून घ्यावं. त्याला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही.