अस्सल, नक्कल आणि तबकडी : कळवण तालुक्यातील चित्रफितींच्या निमित्ताने

इतिहासाच्या अभ्यासकास अस्सल आणि नक्कल हा भेद नव्याने शिकवावा लागत नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून कोणतेही पत्र हाती आले की ते मूळचे आहे की कोणा कारकुनाने मागाहून उतरून घेतलेले आहे, हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीही लेखनिकांच्या हातून झालेल्या फेरफारांचा हिशेब मांडूनच. परंतु गेल्या चाळीस वर्षांत खेड्यापाड्यांतून निर्माण झालेल्या एका साधनाकडे वळताना हीच दक्षता आपण गुंडाळून ठेवतो. ते साधन म्हणजे घरगुती चित्रफीत होय. आणि तिची नक्कल करणारा लेखनिक म्हणजे डीव्हीडी रेकॉर्डर. हे यंत्र घेताना त्यातील संपादनाची सोय पाहून घ्यावी, असे ग्राहकास सांगितले जात असे. इतिहासाच्या दृष्टीने चांगली सोय कोणती, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

उदाहरणासाठी नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका घेतला आहे, तो सहेतुक. गिरणेच्या उगमाकडील ह्या मुलखात अहिराणी आणि कोकणा ह्या दोन बोली एकमेकींना भिडतात. सप्तशृंगगडावर चैत्रात खानदेशातून पायी येणारी यात्रा भरते, आणि शिखरावर ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी-पाटील घराण्याकडे आहे. मार्गशीर्षात कोकणा व भिल्ल वस्त्यांतून डोंगऱ्या देवाचा उत्सव चालतो. भगत, पावरी वाजविणारा, काशाच्या थाळीत मेणाने काडी रोवून ती बोटांनी ओढीत कथा सांगणारा थाळकर, ह्यांच्या भोवती रात्रीमागून रात्री जागविल्या जातात. ह्या परंपरेचे लिखित साधन अत्यल्प आहे. तेव्हा कोणी लग्नाचे चित्रण करणाऱ्या व्यावसायिकाकडून किंवा मुंबई-नाशिकला नोकरीस असलेल्या नातलगाकडून अशा रात्रीची फीत भरून घेतली असेल, तर तिची योग्यता एखाद्या मोडी दफ्तराहून कमी मानण्याचे कारण नाही.

साधनाची लांबी पुराव्याची लांबी ठरविते, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. ग्रियर्सन यांनी १९०७ साली खानदेशीचा समावेश भिल्ल भाषांच्या खंडात केला. पुढे भारतीय भाषांच्या नमुन्यांच्या ग्रामोफोन तबकड्या झाल्या. एका बाजूवर तीन-चार मिनिटांहून अधिक मजकूर मावत नसल्याने नमुना म्हणून बेतशीर गोष्टच निवडावी लागे. रात्रभर चालणारी कथा त्या तबकडीला मुळातच अगम्य होती. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्या दशकात व्हीएचएस फीत घरोघर पोहोचली. तिच्या नित्याच्या कॅसेटीत तीन तास मावत. अभ्यासकाच्या पदरात हे मोठेच दान पडले होते.

ह्या दानास कात्री लागली ती नक्कल करताना. पायोनियर कंपनीने १९९९ च्या अखेरीस जपानमध्ये पहिला डीव्हीडी रेकॉर्डर विक्रीस आणला आणि पुढच्या काही वर्षांत अशी यंत्रे सर्वत्र झाली. एकपदरी तबकडीची क्षमता ४.७ जीबी. उत्तम प्रतीने तीत एक तास, सामान्य प्रतीने दोन, हलक्या प्रतीने चार आणि अगदी हीन प्रतीने सहा किंवा आठ तास भरता येत. म्हणजे तीन तासांची कॅसेट सामान्य प्रतीच्या एका तबकडीत मावत नाही. मग मालकापुढे तीन मार्ग उरतात : दोन तबकड्या वापरणे, प्रत हलकी करणे, अथवा ‘फालतू’ भाग काढून टाकणे. बहुधा तिसराच मार्ग सोयीचा वाटे. फालतू काय, तर थाळकर मेण लावून काडी बसवितो तो वेळ, कोण कोठे बसावे यावरून होणारी कुजबूज, चहा, मध्येच कोणा वृद्धाने दिलेली दुरुस्ती. कथेचा पाठ कोणी तरी पुन्हा सांगू शकेल. ही कुजबूज मात्र पुन्हा मिळावयाची नाही.

आता यंत्रांतील भेद पाहू. ज्यांत केवळ तबकडी होती आणि एकदाच लिहिता येणारी तबकडी व्हिडिओ पद्धतीने भरली जाई, त्यांत संपादन म्हणजे जवळजवळ नुसते थांबविणे आणि पुन्हा चालू करणे. फीत फिरत असता बोट कळीवर ठेवून निर्णय घ्यावा लागे, आणि तो कायमचा. ज्यांत हार्ड डिस्क होती (तोशिबाने अशी जोडयंत्रे २००१ मध्ये आणली), त्यांत आधी सारी फीत उतरवून मग शांतपणे काटछाट करता येई. ह्याहून महत्त्वाची सोय व्हीआर पद्धतीची. डीव्हीडी-रॅम किंवा पुनर्लेखनक्षम तबकडीवर ह्या पद्धतीने मुद्रण केले तर मूळ मुद्रण अबाधित ठेवून वेगळी ‘प्लेलिस्ट’ करता येते. कोणते तुकडे कोणत्या क्रमाने दाखवावेत एवढीच ती सूचना असते. संहितेस हात न लावता समासात खूण करणाऱ्या संपादकाचे हे काम होय. त्याच यंत्रात तुकडा कायमचा पुसण्याचीही आज्ञा असे, आणि जाहिरातीत दोहोंना एकच नाव होते : संपादन. यंत्र निवडणाऱ्याने विचारावयाचा खरा प्रश्न किती काटछाट करता येते हा नसून, काटछाट केल्यावर मूळ उरते काय, हा होता.

आणखी एक बारकावा आहे. ह्या तबकडीवर प्रत्येक चित्र स्वतंत्र नोंदलेले नसते. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदास २५ चित्रे. त्यांतील बहुधा १२ किंवा १५ चित्रांचा एक गट करून, गटातील पहिले तेवढे पूर्ण व बाकीची त्याच्या आधाराने साठविली जातात. त्यामुळे पुनर्मुद्रण न करता जलद नक्कल केली तर काप गटाच्या सीमेवर सरकतो आणि सुमारे अर्धा सेकंद इकडचा तिकडे होतो. नेमक्या चित्रावर कापावयाचे तर पुन्हा संकोचन आले आणि प्रत उतरली. लग्नाच्या चित्रणात अर्ध्या सेकंदाने काही बिघडत नाही. कथेच्या आरंभीच्या नमनातील पहिले अक्षर तेवढ्यात जाते. हीन प्रतीत तर चित्राची रुंदी व उंची दोन्ही निम्म्यावर येतात, आणि थाळीवरील बोटांच्या जागी नुसता धुरकट डाग उरतो. जुन्या, झिजलेल्या फितीचा क्षीण संकेत म्हणजे नक्कलबंदीची खूण, असे समजून काही यंत्रे मध्येच थांबत. तो खंड पाहणाऱ्यास पुढे मालकाची काटछाट वाटतो.

हा खल अनाठायी नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा (१९१३) जो अवशेष पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे टिकला, तो मूळ चित्रपटाचा की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा, यावर चित्रपट-इतिहासकारांत मतभेद आहेत. देशातील अग्रगण्य चित्रकृतीची ही अवस्था, तर तालुक्यातील निनावी कॅसेटीचे काय?

सारांशाने नव्हे, कामापुरते सांगतो. कळवण भागात क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने तबकडी हाती आली की कॅसेट कोठे आहे हे आधी विचारावे. तबकडीची एकूण लांबी, मुद्रणाची प्रत आणि पद्धत, तुकड्यांच्या सीमा व ध्वनी एकाएकी तुटतो ती स्थळे टिपावीत. मुद्रण ज्याने केले तो हयात असल्यास कोणते यंत्र होते आणि काय गाळले, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. कॅसेटीवरील हस्ताक्षरातील चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे, कारण पुष्कळदा तिथी तेवढ्यावरच असते. व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन करणारी फुनाई ही शेवटची कंपनी २०१६ च्या जुलैत त्यातून बाहेर पडली. डीव्हीडी रेकॉर्डर आता जुन्या बाजारातच शोधावा लागतो, आणि लिहिलेल्या तबकडीतील सेंद्रिय रंगद्रव्य उष्णतेने व उजेडाने विटते. कॅसेट सापडली तर ती प्रथम अखंड, विरामांसह, संगणकावर उतरवावी. दाखविण्यासाठी छोटी प्रत हवी असेल तर ती मागाहून निराळी करावी, आणि कॅसेट मालकास परत द्यावी. फेकू नये असे सांगून द्यावी.