विसरलेला पासकोड आणि दुसऱ्या किल्लीचा इतिहास

१/ एप्रिल २०१९. अमेरिकन पत्रकार इव्हान ऑस्नॉस यांनी आपल्या आयपॅडच्या पडद्याचे छायाचित्र ट्विटरवर टाकले. घरातल्या तीन वर्षांच्या मुलाने त्यावर चुकीचे आकडे पुनःपुन्हा दाबले होते. पडद्यावर सूचना उमटली होती : आयपॅड बंद करण्यात आला आहे, २,५५,३६,४४२ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा. हिशेब केल्यास ही मुदत सुमारे साडेअठ्ठेचाळीस वर्षांची भरते.

२/ त्या छायाचित्रावर जगभर विनोद झाले. पण त्यामागचा प्रश्न गंभीर होता. वस्तू स्वतःची, विकत घेतलेली, हातात असलेली. तरीही तिच्यात प्रवेश नाही. जुन्या काळी कुलपाची किल्ली हरवली तर किल्लीवाल्याला बोलावले जाई आणि शेजारीपाजारी घरमालकाची ओळख पटवत. या नव्या कुलपाला ना शेजारी दिसतात, ना मालक. ते असे का घडवले गेले, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

३/ मराठीत पासवर्डला ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. ही कल्पना मूळची लष्करी. रात्री पहारेकऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून ओळखीचे काम एका शब्दावर सोपवले जाते. शब्द सांगेल तो आपला, न सांगेल तो परका. चेहऱ्याची जागा शब्दाने घेतली, तेव्हाच विसरण्याचा धोकाही जन्माला आला.

४/ रोमन सैन्याने हा धोका ओळखला होता. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने त्यांच्या छावणीतील पद्धत तपशिलाने नोंदवली आहे. दररोज सूर्यास्ताच्या वेळी प्रत्येक विभागाचा एक नेमलेला सैनिक ट्रिब्यून या अधिकाऱ्याच्या तंबूत जाई. तिथे त्याला त्या रात्रीचा शब्द लिहिलेली एक लाकडी पाटी मिळे. इंग्रजीतील ‘टॅबलेट’ या शब्दाचा जुना अर्थही अशी लहान पाटी हाच आहे.

५/ ती पाटी साक्षीदारांसमक्ष एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जाई आणि अंधार पडण्यापूर्वी ट्रिब्यूनकडे परत येई. सगळ्या पाट्या परतल्या, म्हणजे शब्द सर्वांपर्यंत पोहोचला. एखादी परतली नाही, तर तिच्यावरील खुणेवरून ती कुठे अडकली हे कळे आणि जबाबदार माणसाला शिक्षा होई. म्हणजे या व्यवस्थेत शब्द देणारा अधिकारी छावणीतच हजर असे आणि दुसऱ्या संध्याकाळी नवी पाटी निघे. शब्दापलीकडे माणूस होता. हीच या इतिहासातील पहिली ‘दुसरी किल्ली’.

६/ आता थेट १९६१ मध्ये. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली सीटीएसएस ही संगणकप्रणाली उभी राहिली. एकाच प्रचंड यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, हा तिचा उद्देश. प्रत्येकाच्या फायली खासगी ठेवायच्या, तर यंत्राला माणसे ओळखता आली पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक वापरकर्त्याला एक पासवर्ड देण्यात आला. पहारेकऱ्याची युक्ती यंत्राकडे आली.

७/ मात्र हे सारे पासवर्ड एका साध्या यादीत जसेच्या तसे साठवलेले होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला ठरवून दिलेला संगणकाचा वेळ अपुरा पडू लागला. त्याने पंच कार्डाद्वारे ती फाइल छापण्याची मागणी यंत्राकडे नोंदवली. यंत्राने निमूटपणे सगळ्यांचे पासवर्ड कागदावर छापून दिले. ही कबुली शेर यांनी अनेक वर्षांनंतर दिली.

८/ १९६६ मध्ये याहून विचित्र प्रकार घडला. व्यवस्थापकांपैकी एक जण पासवर्डांची यादी दुरुस्त करत होता, तर दुसरा दिवसाची सूचना लिहीत होता. प्रणालीतील एका त्रुटीमुळे दोन्ही फायलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी यंत्रावर दाखल होई, त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड येत. पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात कॉर्बाटो यांनी स्वतःच हा प्रसंग सांगितला.

९/ या घटनांनी एक पेच उघड केला. यादी आहे, म्हणून विसरलेल्या माणसाला त्याचा शब्द पुन्हा सांगता येतो. पण यादी आहे, म्हणूनच ती चोरीला जाऊ शकते. विसराळू मालकाची सोय आणि चोराची संधी या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिलेल्या होत्या.

१०/ उत्तर सापडले ते इंग्लंडमध्ये, केंब्रिज विद्यापीठात. १९६०च्या दशकात रॉजर नीडहॅम आणि माइक गाय यांनी तिथल्या टायटन संगणकासाठी एक वेगळी रीत योजली. पासवर्ड साठवायचाच नाही. त्यावर अशी गणिती प्रक्रिया करायची की मूळ शब्द पुन्हा मिळू नये, आणि फक्त तिचे फलित जपायचे. जात्यातून निघालेल्या पिठाचे पुन्हा धान्य होत नाही, तसे. पुढच्या वेळी टाकलेला शब्द पुन्हा दळायचा आणि पीठ जुळते का एवढेच पाहायचे.

११/ १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीतील याच पद्धतीवर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. दळण्यापूर्वी प्रत्येक शब्दात एक यादृच्छिक भर मिसळायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी फलित निराळे येईल, ही सुधारणाही त्यात होती. त्या भरीला त्यांनी नाव दिले ‘मीठ’.

१२/ याचा एक परिणाम आजही प्रत्येकाला भोगावा लागतो. व्यवस्थापकालाच पासवर्ड ठाऊक नसेल, तर तो विसरणाऱ्याला काय सांगणार? म्हणून चोख चालवलेल्या सेवा जुना पासवर्ड कधीच कळवत नाहीत. केवळ नवा ठरवू देतात. तरी इथेही ‘ही व्यक्ती तीच आहे’ असे ठरवणारे कोणीतरी पलीकडे उरले होते.

१३/ चार आकड्यांची गोष्ट वेगळी आहे. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळच्या एनफिल्डमध्ये बार्कलेज बँकेचे रोख रक्कम देणारे यंत्र सुरू झाले. त्यामागे असलेल्या जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. त्यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार आधी सहा आकड्यांचा विचार होता, पण पत्नी कॅरोलिन यांनी आपल्या चारच आकडे ध्यानात राहतात असे म्हटले आणि चार ठरले. गुप्त क्रमांकाच्या कल्पनेचे एक पेटंट १९६६ मध्येच स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांच्या नावे नोंदले गेले होते.

१४/ चार आकड्यांचे १०,००० क्रम होतात. २००७ मध्ये आयफोन आला तो चार आकड्यांचा पासकोड घेऊन, आणि एप्रिल २०१० मध्ये विक्रीस आलेल्या आयपॅडनेही तोच वारसा पुढे चालवला. पण बँकेचा क्रमांक विसरला तर शाखेत जाऊन ओळख पटवता येते. टॅबलेटच्या काचेमागे शाखाही नव्हती आणि कारकूनही नव्हता.

१५/ पुढच्या काही वर्षांत हे कुलूप अधिक खोल गेले. पासकोड हा निव्वळ दरवाजावरचा शब्द राहिला नाही. चिपमध्ये कोरलेली, कोणालाही वाचता न येणारी एक गुप्त संख्या आणि मालकाचा पासकोड, या दोहोंच्या मिश्रणातून मजकूर उघडणारी किल्ली त्या क्षणी तयार होते. त्यामुळे आतील स्मृतिचिप काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तरी हाती निरर्थक अक्षरांचा ढीगच लागतो.

१६/ ॲपलने जाहीर केलेल्या रचनेनुसार अशा एका प्रयत्नाला सुमारे ८० मिलिसेकंद लागतात. त्या वेगाने चार आकड्यांचे सारे क्रम चौदा मिनिटांच्या आत तपासून होतील. सहा आकड्यांचे सुमारे २२ तासांत. म्हणून सक्तीची प्रतीक्षा आली. काही चुकांनंतर एक मिनिट, मग पाच, पंधरा, मग एक तास. ही शिक्षा विसरणाऱ्यासाठी नव्हती, मोजत बसणाऱ्या यंत्रासाठी होती. पण कुलपाला या दोघांतला भेद कळत नाही.

१७/ मग सुटका कशी? टॅबलेट संगणकाला जोडून ‘रिकव्हरी मोड’मध्ये न्यायचा आणि त्यावर प्रणाली नव्याने चढवायची. ऑस्नॉस यांनीही याच प्रकारचा मार्ग धरला. साडेअठ्ठेचाळीस वर्षे थांबण्याची वेळ आली नाही. मात्र या मार्गाची एक किंमत आहे : आतला सारा मजकूर जातो. यंत्र प्रत्येक अक्षर खोडत बसत नाही. फक्त किल्ली नष्ट करते. मजकूर कायमचा मुका होतो. टॅबलेट परत मिळतो, त्यातील आठवणी मात्र बॅकअप असेल तरच परततात.

१८/ हा मार्ग चोरालाही खुला होता. चोरलेले उपकरण कोरे करून विकता येई. म्हणून सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आले. मालकाने शोधसुविधा चालू ठेवली असेल, तर उपकरण कोरे केल्यावरही त्याच्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो. तोही विसरला असेल, तर खाते परत मिळवावे लागते किंवा खरेदीचा पुरावा सादर करावा लागतो. रोमन ट्रिब्यून असा मागच्या दाराने परतला, पण केवळ वस्तूपुरता. मजकूर त्याच्याही हाती नव्हता.

१९/ सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८ आले, तेव्हा ॲपलने जाहीर केले की पासकोडने बंद असलेल्या उपकरणातील मजकूर आता कंपनीलाही काढता येणार नाही, सरकारी आदेश असला तरीही. दुसरी किल्ली कोणाकडेच नाही, अशी ही घोषणा होती. तिची कसोटी लवकरच लागली.

२०/ २ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यात १४ जण मारले गेले. ठार झालेल्या हल्लेखोराकडील आयफोन ५सी हा त्याला नोकरीसाठी मिळालेला होता. फोनची मालकी काउंटी प्रशासनाची होती. म्हणजे कायदेशीर मालक हयात, त्याची संमती मिळालेली, तपास गंभीर गुन्ह्याचा; आणि पासकोड कोणालाही ठाऊक नाही.

२१/ १६ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायालयाने ॲपलला आदेश दिला : प्रतीक्षेची सक्ती आणि दहा चुकांनंतर मजकूर नष्ट करण्याची सोय निष्प्रभ करणारी खास प्रणाली तयार करावी. ॲपलने नकार दिला. एका फोनसाठी घडवलेली अशी किल्ली प्रत्येक फोनला धोकादायक ठरेल, असा तिचा युक्तिवाद. मृतांना न्याय देण्यासाठी प्रत्येक धागा तपासणे हे कर्तव्य आहे, अशी तपासयंत्रणेची बाजू. दोन्ही बाजूंना वजन होते.

२२/ यातील एक तपशील चटका लावणारा आहे. हल्ल्यानंतर लगेचच एफबीआयच्या सूचनेवरून काउंटीने त्या फोनशी जोडलेल्या आयक्लाउड खात्याचा पासवर्ड बदलला होता. त्यामुळे ओळखीच्या वायफायवर फोनने आपण होऊन नवा बॅकअप घेण्याची शक्यता संपली. खाते उघडण्याच्या घाईत शिल्लक असलेला एक रस्ता बंद झाला. अखेर २८ मार्च २०१६ रोजी, त्रयस्थ मदतीने फोन उघडल्याचे सांगून सरकारने अर्ज मागे घेतला. तत्त्वाचा निकाल लागलाच नाही.

२३/ त्यानंतरच्या सुधारणांत माणसाच्या विसराळूपणाची दखल दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये आयपॅडओएस १५.२ पासून संगणकाशिवाय, कुलूपबंद पडद्यावरूनच आयपॅड कोरा करून नव्याने सुरू करण्याची सोय आली. त्याच वेळी ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आला : मालकाच्या मृत्यूनंतर त्याने नेमलेल्या माणसाला मृत्यूचा दाखला आणि विशेष संकेत देऊन खात्यातील साठा मिळू शकतो. २०२३च्या आयओएस व आयपॅडओएस १७ पासून पासकोड बदलल्यावर ७२ तासांपर्यंत जुना पासकोड कामी येतो.

२४/ या साऱ्या सोयींत एक समान सूत्र आहे. प्रत्येक दुसरी किल्ली आधीच करून ठेवावी लागते : बॅकअप आधी, वारस आधी, खात्याचा पासवर्ड आधी. रोमन अधिकारी आयत्या वेळी चेहरा ओळखू शकत होता. गणिताला ती मुभा नाही. चोराला ठामपणे अडवणाऱ्या कुलपाची किंमत मालक विस्मरणाच्या दिवशी चुकवतो.

२५/ फर्नांडो कॉर्बाटो २०१९ मध्ये निवर्तले. त्याआधी २०१४ मध्ये एका मुलाखतीत, पासवर्ड हे आता एक दुःस्वप्न होऊन बसले आहे, अशी कबुली त्यांनी दिली होती. संगणकाच्या जगात पासवर्ड रुजवणारा हा शास्त्रज्ञ स्वतःचे पासवर्ड कागदावर टिपून ठेवत असे. शब्द लक्षात राहीलच यावर विसंबायचे नाही, तो लिहून सांभाळायचा, हे रोमन छावणीतल्या त्या लाकडी पाटीनेही ओळखले होते.