गियर ऑइल : मागच्या डिफरन्शियलचे

मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीच्या डिफरन्शियल पेटीत घालायचे वंगण. मराठी परिभाषेत डिफरन्शियलला ‘विभेदक’ म्हणतात. पण हा शब्द घेऊन जालन्याच्या गॅरेजात गेले तर काम होणार नाही. तिथे ‘क्राऊन’ किंवा ‘हाउसिंग’ म्हणावे लागते, आणि तेलाला सरळ ‘९० नंबर’.

बैलगाडीला या पेटीची गरज कधी पडली नाही. तिची दोन्ही चाके न फिरणाऱ्या आसावर आपापली फिरतात. वळणावर बाहेरचे जास्त धावते, आतले कमी, कोणाचे अडत नाही. इंजिनाने दोन्ही चाकांना एकाच वेळी ताकद द्यायची म्हटल्यावर अडचण आली. तिच्यावरचा दंतचक्रांचा उपाय फ्रान्सच्या ओनेझिफोर पेकर याने वाफेच्या गाडीसाठी काढला व १८२८ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

पेटीत शाफ्टच्या टोकाचा लहान पिनियन मोठ्या क्राऊनला काटकोनात फिरवतो. पूर्वी पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यरेषेवर असे. १९२६ मध्ये अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने तो मध्यरेषेखाली आणला. शाफ्ट खाली गेला, गाडी बुटकी झाली, दातही अधिक लांब व मजबूत करता आले. ही हायपॉइड रचना आज बहुतेक मागच्या आसांत आहे. तिचा भुर्दंड पडतो तो तेलावर: दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, दाबाखाली घसटत सरकतात. त्या घसटण्यात साध्या तेलाचा थर फाटतो. म्हणून तेलात गंधक व फॉस्फरसची संयुगे मिसळतात. दात तापले की ती पोलादाच्या पृष्ठभागाशी संयोग पावून पातळ थर धरतात, आणि झिजतो तो थर, दात नव्हे. डबा उघडल्यावर नाकात जाणारा उग्र वास या गंधकाचाच. हाताला लागला तर साबणाने दोनदा धुऊनही संध्याकाळच्या भाकरीपर्यंत सोबत करतो.

या संयुगांच्या प्रमाणावरून आणि तेल किती दाब सोसते यावरून एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या ‘जीएल’ श्रेणी ठरतात. हायपॉइड पेटीला जीएल-५ लागते. जीएल-४ मध्ये ही संयुगे साधारण निम्मी असतात. ते गियरबॉक्ससाठी ठीक, क्राऊनसाठी अपुरे. उलटही खरे: जीएल-५ तेलांतली काही संयुगे गियरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर कड्यांना खातात. एकच डबा आणून दोन्हीकडे ओतण्याची काटकसर पुढे गियर अडकण्यात किंवा क्राऊनच्या घरघरीत वसूल होते. जीएल-५ चा आकडा मोठा म्हणून तेल ‘भारी’, हा समज दुकानदारांतही आढळतो. तो आकडा दर्जाचा नाही, कामाचा आहे.

दुसरा आकडा घट्टपणाचा. गियर ऑइलचे आकडे एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-३०६ या वेगळ्या मोजपट्टीवरचे असतात, इंजिन ऑइलशी त्यांची तुलना करता येत नाही. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरचे गियर ऑइल साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच घट्ट असते. या तापमानाला ९० नंबरचे तेल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स, ११० नंबरचे १८.५ ते २४ आणि १४० नंबरचे २४ ते ३२.५ भरते. ‘७५डब्ल्यू-९०’ मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. ७५डब्ल्यू म्हणवणाऱ्या तेलाला उणे ४० अंशांत, तर ८०डब्ल्यूला उणे २६ अंशांत ठरलेल्या मर्यादेत वाहावे लागते. जालन्यात पौषातली पहाटही गोठणबिंदूच्या खाली जात नाही आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे डब्ल्यूच्या आकड्याचा इथे काहीच उपयोग नाही? आहे, पण आडवाटेने. खनिज तेलाला इतक्या थंडीची कसोटी सहसा झेपत नाही. ७५डब्ल्यू बहुधा सिंथेटिक तेलावरच असते, आणि सिंथेटिक तेल उन्हाळ्यातही कमी पातळ होते, उशिरा जळते. गिऱ्हाईक पैसे मोजते थंडीचे, त्याला फायदा होतो उन्हाळ्यात.

१४० नंबरची गोष्ट वेगळी. जालना हे पोलादाच्या रोलिंग मिलचे आणि बियाणे कंपन्यांचे शहर. सळई, भंगार, कापूस, मोसंबी वाहणाऱ्या अवजड गाड्यांच्या गॅरेजांतून हा आकडा मोटारींपर्यंत आला. जुन्या ट्रकच्या मागच्या आसांना तो योग्यच होता. हलक्या गाडीत मात्र क्राऊन आवाज करू लागला की १४० ओतून तो दाबायचा, ही विक्रीपूर्व युक्ती झाली आहे. घट्ट तेल आवाज दडवते, झीज थांबवत नाही. शिवाय ते घुसळण्यात ताकद जाते आणि तेच तापते.

मागच्या चाकांच्या वेगवान गाड्या या भागात कधी आल्या, याला एक ठळक तारीख आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये शेजारच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) दीडशे मर्सिडीज एकदम विकत घेतल्या गेल्या. सी, ई आणि एस वर्गाच्या त्या काळच्या मर्सिडीज सहसा मागच्या चाकांवर चालत. तेव्हा त्यांना साजेसा रस्ता मात्र नव्हता. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा जालन्यावरून सुरू झाला आणि मोटारींना ताशी १२० ची मुभा मिळाली. चढ-उतारात पेटीला मधूनमधून उसंत मिळते. भर दुपारी तासन्तास एकसारख्या वेगात ती मिळत नाही. अशा वापराला पुस्तिकेत सांगितलेल्या नंबरचे सिंथेटिक तेल घालावे. इंधन वाचावे म्हणून अलीकडच्या काही जर्मन गाड्यांना ७५डब्ल्यू-८५ सांगितलेले असते. ‘पातळ दिसते’ म्हणून ते बदलू नये.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर निवड अवघड होते. त्यात एका चाकाखाली पकड सुटली तरी ताकद दुसऱ्याकडे जावी म्हणून चकत्यांचे संच बसवतात. नुसते जीएल-५ घातले तर सावकाश वळताना चकत्या अडखळत सुटतात आणि मागून कटकट ऐकू येते. त्यासाठी घर्षण नेमके ठेवणारे मिश्रण असलेले तेल लागते. मिश्रण जास्त झाले तर चकत्या पकडतच नाहीत. टॉर्सनसारख्या केवळ दंतचक्रांच्या रचनेला या मिश्रणाची सहसा गरज नसते. नाशिकला बनणाऱ्या थारच्या मागच्या आसात काही प्रकारांमध्ये आपोआप जोडले जाणारे यांत्रिक लॉक येते. त्याला पुस्तिकेतलेच तेल. ट्रॅक्टरचा मागचा आस दिसायला तसाच, पण तेलात बुडालेले ब्रेक असतील तर त्याला साधे ९० नंबर चालत नाही. ब्रेक, गियर आणि हायड्रॉलिक तिघांना पुरणारे वेगळे तेल असते. घनसावंगी-अंबडच्या उसाच्या पट्ट्यात ही चूक महागात पडते.

तेल बदलताना आधी वरचे भरणीचे बूच सैल करावे, मग खालचे. वरचे गंजून अडकले आणि खालून तेल काढून टाकलेले असले, तर गाडी जागची हलत नाही. खालच्या बुचाला बहुधा चुंबक असतो. त्यावर करड्या काजळीसारखा लेप असणे ठीक. बोटांत चोळल्यावर कण टोचले किंवा दाताचा कपचा निघाला, तर तेल बदलून भागणार नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे: पेटी तापलेली असताना गाडी पुराच्या पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. दुधना-कुंडलिकेच्या काठच्या गाड्यांना दर पावसाळ्यानंतर हे बूच उघडून पाहिलेले बरे. गाडी सपाटीवर ठेवून भरणीच्या भोकातून तेल बाहेर येऊ लागेपर्यंत भरावे; बहुतेक मोटारींना १ ते दीड लिटर पुरते. ‘आयुष्यभराचे तेल’ असे काही कंपन्या लिहितात. आयुष्य कोणाचे, हे लिहीत नाहीत. पन्नासेक हजार किलोमीटरला बदलावे, शर्यतीच्या किंवा ओझ्याच्या गाडीत त्याहून लवकर. काढलेले जळके ऑइल वाळवीला म्हणून चौकटींना आणि गोठ्याच्या खांबांना फासण्याची खेड्यापाड्यांत रीत आहे. तिथून ते जमिनीत आणि विहिरीत उतरते. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवे.