जुनी मोटार परत करता येते का?

साठवलेले चार-पाच लाख रुपये मोजून जुनी मोटार दारात आणावी आणि आठवडाभरातच तिचे इंजिन धूर ओकू लागावे, असा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. अशा वेळी गाडी परत करून पैसे मागता येतात का? ठरावीक दिवसांत गाडी परत करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. पसंत पडली नाही, हे कारण पुरेसे ठरत नाही. मात्र विक्रेत्याने लेखी मुदत दिली असेल, खोटी माहिती दिली असेल किंवा व्यापाऱ्याने सदोष गाडी गळ्यात मारली असेल, तर दाद मागता येते.

खासगी मालकाकडून खरेदी

मालविक्री अधिनियम, १९३० नुसार मालाच्या दर्जाची हमी सर्वसाधारणपणे गृहीत धरली जात नाही. पारखून घेण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार विक्रेत्याचे नुसते मौन ही सहसा फसवणूक ठरत नाही. जाणूनबुजून सांगितलेले असत्य मात्र ठरते. गाडीला अपघात झाल्याचे मालकाने आपणहून सांगितले नाही, तर खरेदीदाराची बाजू लंगडी पडते. परंतु थेट विचारल्यावर त्याने ‘कधीच झाला नाही’ असे खोटे सांगितले असेल, तर करार रद्द करण्याची मागणी करता येते. म्हणून प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. गाडी चोरीची निघाल्यास दिलेली किंमत परत मागता येते. असे वाद सहसा दिवाणी न्यायालयात जातात.

व्यापाऱ्याकडून खरेदी

येथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मदतीला येतो. सदोष माल परत घेऊन बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. अर्थात वयोमानानुसार झालेली झीज म्हणजे दोष नव्हे. झिजलेले टायर आणि मागे फिरवलेला किलोमीटरचा काटा यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पुरात बुडालेली गाडी सुस्थितीतील म्हणून विकणे हीदेखील फसवणूकच. ‘आहे त्या स्थितीत विक्री’ असे बिलावर छापल्याने ती झाकली जात नाही.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास खरेदीदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुन्हा विकण्यासाठी गाडी घेणाऱ्यास मात्र या कायद्याचा आधार मिळत नाही.

गाडी परत करताना

दोष लक्षात येताच गाडी वापरणे थांबवावे. जाणकार मेकॅनिककडून लेखी अहवाल घ्यावा आणि विक्रेत्याला स्पीड पोस्टाने नोटीस द्यावी. दोष कळूनही गाडी वापरत राहिल्यास ती स्वीकारली असे मानले जाऊ शकते. मग गाडी परत करण्याऐवजी केवळ भरपाईच मागता येते.

नुसती किल्ली परत केल्याने मात्र सुटका होत नाही. आरटीओच्या दप्तरी गाडी खरेदीदाराच्या नावावर झाली असेल, तर ती विक्रेत्याच्या नावावर पुन्हा हस्तांतरित करून घ्यावी. दप्तरी ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. गाडी कर्जावर घेतली असल्यास कर्ज फिटेपर्यंत हप्तेही चुकत नाहीत.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओचे प्राधिकारपत्र देण्याची पद्धत १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आहे. ते पाहूनच व्यवहार करावा. गाडी परत घेण्याची अट, मुदत आणि कापली जाणारी रक्कम पावतीवर लिहून घ्यावी. तोंडी आश्वासन सिद्ध करणे फार अवघड जाते.