एका मोच्याची आठवण

बोस्टन बंदरांत १७७३ सालीं चहाच्या पेट्या समुद्रांत फेंकल्या गेल्या, ही हकीकत आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. त्या पेट्या फोडणाऱ्यांत एक जोडे शिवणारा होता, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. जॉर्ज रॉबर्ट ट्वेल्व्हज ह्यूज हें त्याचें लांबलचक नांव. उंची अवघी पांच फूट एक इंच. तरुणपणीं फ्रेंचांशीं चाललेल्या लढाईंत भरती होण्यासाठीं त्यानें जोड्याच्या टांचा वाढविल्या, मोज्यांत कागद व चिंध्या कोंबल्या. पण मोजणाऱ्याच्या नजरेंतून ती युक्ति सुटली नाहीं व स्वारी परत दुकानांत येऊन बसली.

त्याचा जन्म १७४२ चा. १७६३ च्या सुमारास त्यानें जॉन हॅनकॉक या बड्या सावकाराचा जोडा दुरुस्त करून दिला. हॅनकॉकनें खूष होऊन नववर्षाच्या दिवशीं भेटीस यावयास सांगितलें. ह्यूज तोंड धुऊन, असतील ते चांगले कपडे घालून गेला खरा. पण त्या वाड्यांत पाऊल ठेवतांच त्याची अशी गाळण उडाली कीं, पाठ केलेलें अभिनंदनाचें वाक्य संपवून केव्हां एकदां बाहेर पडतों असें त्यास झालें. हॅनकॉकनें त्याच्याबरोबर मद्याचा प्याला घेतला व जातांना हातावर एक क्राउन ठेवला. ही भेट तो सत्तर वर्षांनंतरही जशीच्या तशी सांगत असे.

पुढील दहा वर्षांत हा भिडस्त मनुष्य रस्त्यावर आला. ५ मार्च १७७० रोजीं इंग्रज शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या, त्या वेळीं जेम्स कॉल्डवेल हा ह्यूजच्याच हातांत कोसळला. त्याच वर्षीं एका पोषाखाचें देणें न फिटल्यामुळें त्यास तुरुंगही पहावा लागला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्रीं तोंडाला काजळी फांसून तो जहाजावर चढला. शीळ घालण्यांत तो वाकबगार असल्यामुळें त्यास एका टोळीचा नायक करण्यांत आलें. चहाच्या ३४० वर पेट्या त्या रात्रीं पाण्यांत गेल्या. माल ईस्ट इंडिया कंपनीचा, म्हणजे आठ वर्षांपूर्वीं बंगालची दिवाणी मिळविणाऱ्या त्याच कंपनीचा. पुढच्याच महिन्यांत, एका मुलाला दटावणाऱ्या जॉन माल्कम नांवाच्या जकात अधिकाऱ्यास त्यानें हटकलें. असल्या भटक्यानें आपणांशीं रस्त्यांत बोलूं नये, असें म्हणून त्या गृहस्थानें त्याच्या डोक्यांत काठी घातली.

युद्धांत ह्यूज खासगी लढाऊ गलबतांवर व पायदळांत नोकरीस होता. एका जहाजाच्या अधिकाऱ्यानें रस्त्यांत गांठून टोपी काढण्याचा हुकूम केला, तेव्हां कोणाहि मनुष्यासमोर आपण टोपी काढणार नाहीं असें बजावून ह्यूजनें तें जहाजच सोडलें. हॅनकॉकच्या दिवाणखान्यांत घामाघूम झालेला मोची तो हाच काय, अशी शंका यावी!

लढाई संपली, हॅनकॉक गव्हर्नर झाला, आणि ह्यूज जेवढा गरीब होता तेवढाच राहिला. बोस्टन सोडून रेंथम व पुढें न्यूयॉर्क प्रांतांतील रिचफील्ड स्प्रिंग्ज, अशा लहान गांवांत त्याचें उरलेलें आयुष्य गेलें. वृद्ध सैनिकांस वेतन देणारा १८३२ चा कायदा झाला तेव्हां तो नव्वदीस टेंकला होता. १८३४ सालीं त्याचें पहिलें चरित्र निघालें व दुसऱ्या वर्षीं दुसरें.

या आठवणींत एक मोठी चूक आहे. चहाच्या रात्रीं आपल्या शेजारीं खुद्द हॅनकॉक पेट्या फोडीत होता, असें तो शपथेवर सांगे. हॅनकॉक जहाजावर होता असें मानण्यास आधार नाहीं. आल्फ्रेड यंग या इतिहासकारानें १९८१ सालीं ह्यूजवरील आपल्या निबंधांत या चुकीचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला. राजवाड्यांनीं बखरींतील असल्या चुकांवर कोरडे ओढले, व ते रास्तच होते. तारीख वा स्थळ ठरवावयाचें असल्यास बखर टाकून अस्सल कागदच पहावा. परंतु येथें प्रश्न निराळा आहे. वृद्धाच्या बढाईस साठ वर्षांत पालवी फुटते हें आम्ही जाणतों, आणि ऐकणाऱ्यास वीरपुरुष हवा असला म्हणजे सांगणाराही तसाच सांगतो. तरीही त्यानें हॅनकॉकला खुर्चीवर बसविलें नाहीं, हुकूम देतांना दाखविलें नाहीं. काजळी फांसून, घामाघूम, आपल्या खांद्याशीं खांदा लावून उभा केला. ज्याच्या उंबऱ्यावर पाय लटपटले त्याला बरोबरीनें कामाला लावण्याइतका फरक त्या मोच्याच्या मनांत झाला होता, आणि याचा अस्सल कागद दुसरा कोठें मिळणार?

१८३५ च्या जुलैंत बोस्टनकरांनीं त्यास बोलावून मोठा मान दिला, गाडींतून मिरविलें व जोसेफ कोल या चित्रकाराकडून त्याचें चित्र काढविलें. काठीवर हात ठेवून मिस्कीलपणें हंसणारा म्हातारा त्यांत दिसतो. चित्रास नांव पडलें 'शतायुषी'. त्याचें वय त्या वेळीं ९२ होतें.